दहावीचे वर्ष ऋतूंप्रमाणे कसे आखावे: पावसाळ्यातील पहिल्या घंटेपासून उन्हाळ्यातील निकालापर्यंत

दहावीच्या वर्गाला शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला जुलै महिन्यात एक वाक्य हमखास ऐकावे लागते: ‘सर, दिवाळीनंतर जोर लावतो.’ पालकसभेतही तेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा ऐकू येते. हे वाक्य हिशेबाला धरून नाही, हे दाखवण्यासाठी मी फळ्यावर एक साधी बेरीज मांडतो. २०२४ साली राज्याच्या बहुतेक भागांत शाळा १५ जूनला सुरू झाल्या, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते आणि दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाली. म्हणजे दिवाळीपूर्वी १३९ दिवस होते आणि दिवाळीनंतर ११२. त्याच्या आदल्या वर्षी अधिक श्रावणामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले, तेव्हा दिवाळीपूर्वी १५० आणि १ मार्चच्या पहिल्या पेपरपर्यंत ११० दिवस मिळाले. जो विद्यार्थी दिवाळीनंतर जोर लावायचे ठरवतो, तो वर्षाचा मोठा भाग सोडून देऊन छोट्या भागावर भरवसा ठेवतो. त्यातच या छोट्या भागात स्नेहसंमेलन, सहल, पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षा येतात, म्हणून प्रत्यक्ष अभ्यासाला उरणारे दिवस आणखी कमी होतात.

या लेखात महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या वर्षाची आखणी ऋतूंच्या क्रमाने दिली आहे. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तेथील वाचकांनी पहिल्या टप्प्यातून साधारण दोन आठवडे वजा करून हिशेब करावा.

शाळा उघडण्यापूर्वी: दिनदर्शिका आणि गुणांचा आराखडा

पहिली पायरी म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून तिच्यावर गणपती, नवरात्र, दिवाळी, गावची जत्रा, घरातील ठरलेली लग्ने आणि शेतीच्या घाईचे आठवडे यांवर खुणा करणे. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, तर कधी नोव्हेंबरच्या मध्यावर, त्यामुळे थोरल्या भावंडाचे वेळापत्रक धाकट्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. घरच्यांसमोर बसून या खुणा केल्या की आणखी एक फायदा होतो: मावसभावाच्या हळदीला मुलगा किती दिवस जाणार, हे जूनमध्येच ठरते आणि जानेवारीत त्यावरून वाद होत नाहीत.

दुसरी पायरी म्हणजे परीक्षेची रचना समजून घेणे. एकूण गुण ६०० असतात. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या सहा विषयांना प्रत्येकी १०० गुण असून त्यांपैकी प्रत्येक विषयातील २० गुण शाळेच्या पातळीवर तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनातून मिळतात. म्हणजे ६०० पैकी १२० गुण लेखी परीक्षेच्या दालनाबाहेर, वर्षभरात थोडे थोडे करून साठवायचे असतात. भाषेचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. बीजगणित आणि भूमिती, विज्ञान भाग १ आणि भाग २, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल हे पेपर मात्र प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात. शेकडेवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात, परंतु उत्तीर्ण होण्यासाठी सहाही विषय धरले जातात. ‘सहाव्या विषयाचे काय, तो धरतच नाहीत’ असे म्हणणाऱ्या मुलांच्या लक्षात हा फरक बहुधा पूर्वपरीक्षेनंतर येतो.

पावसाळा: नवे शिकण्याचा आणि वह्या कोरड्या ठेवण्याचा काळ

जून ते सप्टेंबर हा नवा भाग समजून घेण्याचा काळ आहे, आणि माझ्या मते वर्षातील सर्वांत मोलाचा काळ हाच. शाळेचे तास सलग होतात, शिक्षक धडे सावकाश शिकवतात, शंका विचारायला वेळ मिळतो आणि उजळणीचे ओझे अजून डोक्यावर आलेले नसते. म्हणून या काळात रोजच्या अभ्यासाचा नियम एकच ठेवावा: आज वर्गात जे झाले, ते आज झोपण्यापूर्वी पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावे. एका विषयाला वीस मिनिटे पुरतात. दिवसभरात चार विषय झाले असतील तर दीड तासाच्या आत काम संपते. तेवढे रोज घडले तर दिवाळीपर्यंत बहुतेक पुस्तके निदान एकदा हातातून गेलेली असतात.

गणिताचा क्रम मात्र काळजीपूर्वक ठरवावा. बीजगणितात सहा आणि भूमितीत सात प्रकरणे आहेत. दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे ही बीजगणितातील पहिली दोन प्रकरणे, तसेच भूमितीतील समरूपता आणि पायथागोरसचे प्रमेय ही प्रकरणे कच्ची राहिली की पुढचे बरेच काही डळमळते. ज्याला त्रिकोणांची समरूपता कळलेली नाही, त्याला त्रिकोणमिती केवळ सूत्रांच्या पाठांतरावर पेलावी लागते. त्यामुळे जुलै संपण्यापूर्वी या प्रकरणांतील प्रत्येक सरावसंच पुस्तकात न पाहता सोडवता आला पाहिजे. नववीचे अवयव पाडणे विसरले असेल तर ते याच काळात, लाज न बाळगता, नववीच्या पुस्तकातून पुन्हा करावे.

भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते, आणि पावसाळा ही ते समजून घेण्याची उत्तम वेळ आहे. आपल्याकडे मोसमी पाऊस सुरू असताना दक्षिण गोलार्धातील ब्राझीलच्या मोठ्या भागात थंडीचा ऋतू असतो. खिडकीबाहेरचा पाऊस आणि नकाशातला ब्राझील एकत्र ठेवून हवामानाचे प्रकरण वाचले तर ते पुन्हा पाठ करावे लागत नाही. नकाशा भरण्याचा सराव आठवड्यातून एकदा, कोऱ्या आराखड्यावर, पेन्सिलने करावा.

पावसाळ्याच्या व्यावहारिक अडचणी किरकोळ वाटतात, पण गुण त्यांच्यामुळेही जातात. भिजलेली प्रयोगवही नंतर उतरवून काढण्यात तीन-चार संध्याकाळी वाया जातात, म्हणून दप्तराच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून वह्या तिच्यात ठेवाव्यात आणि प्रयोगवह्या शक्यतो शाळेच्या कपाटातच राहू द्याव्यात. एसटीने येणाऱ्यांनी सवलतीचा पास पहिल्याच आठवड्यात काढावा. विद्यार्थ्यांना भाड्याचा एक-तृतीयांश भाग भरावा लागतो आणि ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत शाळेसाठी मोफत प्रवास मिळतो. ओढ्याला पूर आल्यामुळे किंवा भातलावणीच्या दिवसांत घरी हात कमी पडल्यामुळे शाळा बुडाली, तर त्याच दिवशी कोणाची वही मागायची, हे आधीच ठरवून ठेवलेले असावे. मागे राहिलेला एक दिवस दुसऱ्या दिवशी भरून निघतो, परंतु आठ दिवस एकदम भरून काढणे फार थोड्यांना जमते.

चित्रकलेची आवड असलेल्यांसाठी एक सूचना. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. हे गुण आपोआप जमा होत नाहीत, शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव पाठवावा लागतो. क्रीडा स्पर्धा, राष्ट्रीय छात्रसेना किंवा स्काऊट-गाइड यांची प्रमाणपत्रे असलेल्यांनीही आपली कागदपत्रे याच काळात वर्गशिक्षकांना दाखवून ठेवावीत.

सणांचे आठवडे आणि सहामाही

गणपती ते दसरा हा काळ घरोघरी तणावाचा ठरतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा मुलांपेक्षा आपण मोठी माणसेच असतो. मंडळात रमणाऱ्या मुलाला दहा दिवस कोंडून ठेवले तर तो अभ्यास करत नाही, ढोलाचा आवाज ऐकत बसतो. त्यापेक्षा सकाळचे दोन तास अभ्यासाचे आणि संध्याकाळची आरती मोकळी, असा करार करावा आणि तो दोन्ही बाजूंनी पाळावा. मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या मुलीला भाषेच्या तोंडी परीक्षेची भीती उरत नाही, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

पहिल्या सत्राची परीक्षा, म्हणजे सहामाही, हिचे गुण मंडळाच्या गुणपत्रिकेत येत नसले तरी वेळेचे गणित तिथेच कळते. ४० गुणांना १२० मिनिटे म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. भूमितीच्या पेपरात तीन गुणांच्या प्रमेयावर पंचवीस मिनिटे गेली, तर पुढचे दोन सोपे प्रश्न पाहायचेही राहून जातात. भाषेची कृतिपत्रिका हा वेगळाच प्रकार आहे. तिथे उतारा वाचून आकृतिबंध पूर्ण करायचे असतात, आणि पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध असे उपयोजित लेखन शेवटी येत असल्यामुळे त्याला वेळ उरत नाही. सहामाहीत घड्याळ बाकावर ठेवून कोणता विभाग किती मिनिटांत संपला ते उत्तरपत्रिकेच्या कच्च्या पानावर टिपून ठेवावे. निकालाच्या गुणांपेक्षा ही टिपणे पुढे अधिक उपयोगी पडतात.

परीक्षेचे आवेदनपत्र: ज्याकडे कोणी लक्ष देत नाही

साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास शाळा परीक्षेची आवेदनपत्रे ऑनलाइन भरते आणि नंतर मंडळाकडून आलेली माहितीची यादी, जिला शाळांत ‘प्री-लिस्ट’ म्हणतात, तपासण्यासाठी विद्यार्थ्यांपुढे ठेवली जाते. वर्गात गडबड असते, घंटा होत आलेली असते, मुले नाव पाहून सही करून मोकळी होतात. मी वर्गशिक्षक असताना एका विद्यार्थिनीच्या आईच्या नावातील एक अक्षर असेच चुकीचे राहिले. माझीही नजर त्यावरून गेली होती. पुढे ती दुरुस्ती करून घेताना त्या मुलीच्या वडिलांना मजुरी बुडवून अनेक खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून मी ही यादी एका दिवसासाठी छायाप्रत काढून घरी पाठवतो.

पालकांनी तपासायच्या गोष्टी अशा: आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव यांचा क्रम आणि त्यांचे मराठी व रोमन लिपीतील स्पेलिंग, आईचे नाव, जन्मतारीख, विषय आणि माध्यम, छायाचित्र. हे सर्व शाळेच्या जनरल रजिस्टरशी आणि आधार कार्डाशी ताडून पाहावे. दिव्यांग किंवा अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला लेखनिक, जादा वेळ किंवा अन्य सवलत हवी असेल, तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह ती मागणी याच वेळी नोंदवावी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती मागितली तर मुख्याध्यापकांच्या हातात फारसे काही उरत नाही.

दिवाळीची सुटी

सुटीचे पहिले चार-पाच दिवस अभ्यासाचे नाव काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतरच्या दिवसांत नवे काही सुरू न करता पहिल्या सत्रातील कच्चे धडे भरून काढावेत आणि अपूर्ण प्रयोगवह्या पूर्ण कराव्यात. दिवाळीच्या खरेदीची बिले मात्र जपून ठेवावीत, कारण बीजगणिताच्या अर्थनियोजन प्रकरणात वस्तू व सेवा कराची करबीजके येतात. दुकानाच्या खऱ्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर किती, हे स्वतः काढून पाहिलेले मूल त्या उदाहरणांना घाबरत नाही.

याच सुटीत पालकांनी एक काम उरकावे. अकरावी किंवा तंत्रशिक्षणाच्या प्रवेशासाठी लागणारा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवास प्रमाणपत्र यांपैकी काय आहे आणि काय नाही, याची यादी करून नसलेल्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रात किंवा आपले सरकार संकेतस्थळावर अर्ज करावा. काही दाखल्यांची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते, ते पुन्हा काढावे लागतील. परंतु जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या काळातील पुरावे शोधण्याचे काम निकालानंतरच्या गर्दीत करणे ही शिक्षाच असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने दिवाळी हा वेगळा उंबरठा आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होताच आईवडील फडावर जातात आणि बीडसारख्या जिल्ह्यांतील अनेक मुलांची शाळा तिथेच तुटते. दहावीच्या मुलाने सोबत जाऊ नये, यासाठीची व्यवस्था सप्टेंबरमध्येच लावावी लागते: आजी-आजोबा किंवा नातेवाइकांकडे राहणे, अथवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करणे. वर्गशिक्षकाला हे आधी सांगितले तर तोही धावपळ करू शकतो. मूल गावातून निघून गेल्यावर त्याचा काही इलाज चालत नाही.

थंडी: स्नेहसंमेलनापासून पूर्वपरीक्षेपर्यंत

नोव्हेंबरच्या मध्यापासून उरलेला अभ्यासक्रम वेगाने संपतो. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात भाग घ्यावा की नाही, असे मला दरवर्षी विचारले जाते. एका नाचात किंवा एका नाटुकलीत भाग घ्यावा, सूत्रसंचालन, सजावट आणि नाटक अशा तीन जबाबदाऱ्या घेऊ नयेत. सहलीला मात्र जावे. दोन दिवसांनी कोणाची शेकडेवारी कमी झालेली मी पाहिलेली नाही.

पहाटे उठून अभ्यास करण्याचा आग्रह थंडीत घरोघरी सुरू होतो. पहाट चांगलीच, पण रात्री बारापर्यंत जागून चार वाजता उठलेले मूल पुस्तकासमोर पांघरुणात पेंगत बसते. दहाला झोपून पाचला उठणे जमत असेल तरच हा मार्ग धरावा. ज्याचे डोके रात्री चालते, त्याने साडेअकरापर्यंत बसावे, पण जानेवारीच्या अखेरीस ही सवय बदलावी, कारण लेखी परीक्षेचे सकाळचे सत्र अकराला सुरू होते आणि त्या वेळी डोके ताजे हवे.

पूर्वपरीक्षा जानेवारीत होते आणि ती संपूर्ण अभ्यासक्रमावर असते. तिच्या गुणांची चर्चा एका संध्याकाळीत संपवावी आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका घेऊन बसावे. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तो का गेला, हे पेन्सिलने लिहावे. काही गुण उत्तर येत नसल्यामुळे गेलेले असतात. त्यासाठी तो धडा पुन्हा वाचावा लागतो. काही गुण मात्र उत्तर येत असूनही गेलेले असतात: एकक लिहिले नाही, आकृतीला नावे दिली नाहीत, रासायनिक समीकरण संतुलित केले नाही, ‘शास्त्रीय कारणे लिहा’ याला व्याख्या लिहून दिली, प्रश्नाचा उपक्रमांक चुकला. माझ्या वर्गात मध्यम मुलांच्या उत्तरपत्रिकांत या दुसऱ्या प्रकारचे गुण नेहमीच आश्चर्य वाटण्याइतके निघतात, आणि ते परत मिळवायला नवा अभ्यास लागत नाही. या चुकांची एका पानाची यादी करून ती अभ्यासाच्या जागी भिंतीवर लावावी. पूर्वपरीक्षेनंतरच्या आठवड्यांत एक दिवसाआड एक पूर्ण प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवावी आणि प्रत्येक वेळी ती यादी समोर ठेवूनच तपासावी. बाजारातील अपेक्षित प्रश्नसंच सरावाला वापरायला हरकत नाही, परंतु ‘हेच येणार’ असे समजून बाकीचे सोडून देणे धोक्याचे आहे, विशेषतः कृतिपत्रिकेत, जिथे पाठाबाहेरचा उताराही येतो.

परीक्षा: उन्हाची चाहूल

प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी होतात. प्रयोगवहीवर शिक्षकांची सही आहे का, अनुक्रमणिका पूर्ण आहे का, हे आठवडाभर आधी पाहावे. प्रवेशपत्र शाळेतून मिळते. त्यावर मुख्याध्यापकांची सही व शिक्का आहे याची खात्री करून त्याच्या दोन छायाप्रती घरी ठेवाव्यात. केंद्र दुसऱ्या गावात असेल तर एकदा तरी पेपरच्या वेळेलाच तिथे जाऊन यावे. रविवारी मोकळ्या रस्त्याने लागणारा वेळ सोमवारी बाजारच्या दिवशी लागत नाही.

सकाळच्या सत्रासाठी साडेदहापर्यंत केंद्रावर हजर राहावे लागते. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाचायला देत असत. २०२३ पासून ती पद्धत बंद करून शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली जातात. ही दहा मिनिटे नवे उत्तर लिहायला ठेवू नयेत. बैठक क्रमांक, पुरवण्यांची संख्या, आकृत्यांची नावे आणि प्रश्न क्रमांक तपासण्यातच ती घालवावीत. मार्चमध्ये दुपारी पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोल्या तापतात, त्यामुळे पारदर्शक बाटलीत पाणी, सुती कपडे आणि पोटाला जड न होणारे जेवण एवढे सांभाळावे. होळी-शिमगा बहुधा परीक्षेच्या काळातच येतो. रंग खेळून डोळे लाल करून पेपरला बसलेली मुले मी पाहिली आहेत, तेव्हा दोन पेपरांमध्ये कितीही दिवस असले तरी त्या वर्षी रंग लांबच ठेवावेत.

झालेल्या पेपरची उत्तरे केंद्राबाहेर ताडून पाहण्याची पद्धत मोडून काढावी. पालकांनीही ‘कसा गेला’ एवढेच विचारावे आणि जेवायला वाढावे.

निकाल आणि त्यानंतरचे दिवस

२०२४ मध्ये निकाल २७ मे रोजी लागला, २०२५ मध्ये १३ मे रोजी. मधल्या सुटीत मुलांनी टायपिंग शिकावे, पोहायला जावे, शेतात काम करावे किंवा नुसते लोळावे. त्यावर माझे काही म्हणणे नाही. निकालानंतर मात्र दिवस मोजके असतात. गुणांबद्दल शंका असेल तर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ठरलेल्या मुदतीतच अर्ज करावा लागतो, आणि पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घेणे आवश्यक असते. एक-दोन विषय राहिले असतील तर पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात होते, तिचे आवेदनपत्र निकालानंतर लगेच भरून घेतात. उत्तीर्ण झालेल्यांना श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षा देता येते. म्हणून निकाल हातात येऊन पुढचा निर्णय होईपर्यंत पुस्तके, सराव केलेल्या प्रश्नपत्रिका आणि भिंतीवरची ती चुकांची यादी रद्दीवाल्याला देऊ नये.